सरळ माणसाचं माप

पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी उभं कसं राहायचं ते शिकवायला लागलं, तर त्याचं डोकं फिरणारच. मास्तरांचं फिरलं होतं. सकाळी तोंड धुतल्यापासून ते चिडलेले असायचे, आणि कशावर चिडलात असं विचारलं की आणखी चिडायचे. कारण खरं उत्तर द्यायचं तर "मला उभं राहता येत नाही" असं म्हणावं लागलं असतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. हमरस्त्यावर एक जुनं कपड्यांचं दुकान आहे, तिथे वरच्या मजल्यावर खिडकीला लागून लांबलचक लाकडी टेबल आहे, त्या टेबलाचे मास्तर. माप घेणारे ते, खडूने कापड बेतणारे ते, कात्री चालवणारे ते. शिवायचं काम मागच्या खोलीतल्या कारागिरांचं. एकदा कात्री चालली की चालली, मग कुणी कितीही डोकं आपटलं तरी कापड पूर्वीसारखं होत नाही, म्हणून त्या टेबलाजवळ मास्तरांचा शब्द शेवटचा. मालकसुद्धा तिथे कोपर टेकवायच्या आधी बघून घेत. या टेबलापाशी मास्तरांचा अख्खा दिवस उभ्यानेच जायचा. अशा माणसाला म्हणे उभं राहता येत नाही.

सगळं सुरू झालं उजव्या हाताच्या अंगठ्यापासून. आधी अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या. मास्तर हात झटकायचे आणि कामाला लागायचे. पुढे मुंग्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर बोटंही गेली, म्हणजे हाताला होती, पण असून नसल्यासारखी. शर्टाचं बटण लावताना डोळ्यांनी बघावं लागायचं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. कापणाऱ्याची बोटं बधिर झालीत, ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे.

मग एका दुपारी कोटाचं जाड कापड कापताना कात्री खडूच्या रेघेच्या आत घुसली. मास्तरांना ते बोटांनी कळलं नाही, डोळ्यांनी कळलं, आणि तोवर कोटाच्या पुढ्यात, म्हणजे पुढच्या भागात, बोटभर चीर पडली होती. मालक समोरच उभे होते. त्यांनी आवाज चढवला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण मालकांनी हळूच विचारलं, किती दिवस चाललंय हे, आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मालकांनीच एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मुलगी तशी वयाने लहान होती, पण कामाला पक्की. तिने मास्तरांची मान इकडे तिकडे वळवली, बोटांना टाचणी टोचून पाहिली, मग त्यांना बाजूने उभं करून मोबाइलवर फोटो काढला आणि त्यांच्यापुढे धरला. फोटोतला माणूस मास्तरांच्या ओळखीचा नव्हता. त्याचं डोकं धडाच्या पुढे निघालं होतं, धड मागाहून येईल तेव्हा येईल अशा घाईत. पाठ गोल, छाती आत गेलेली. मास्तरांनी आधी तिने मोबाइल तिरका धरला होता का, अशी चौकशी केली.

"पण शर्ट बघा ना कसा बसलाय," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की माणूस इतका वाकडा असता तर शर्ट असा बसलाच नसता. पाठीवर एक सुरकुती नाही, पुढे झोल नाही.

मुलीने शर्टाकडे पाहिलं, छान आहे म्हणाली आणि मूळ मुद्द्यावर आली. वर्षानुवर्षं टेबलावर वाकून मान पुढे आली होती, तिथे मणक्यातून हाताकडे जाणारी नस दबत होती. गोळ्यांनी ठणका कमी होईल, पण दाब जायचा तर उभं राहण्याची सवय बदलायला हवी. तिने मानेचे दोन-तीन व्यायाम सांगितले आणि एका योगाच्या वर्गाचा पत्ता दिला. फार काही करू नका, म्हणाली, एक ताडासन नीट शिका आणि दिवसभर तसंच उभं राहायचा प्रयत्न करा. चार महिन्यांनी पुन्हा बघू.

मालकांनी तेच चार महिने धरले. तोपर्यंत टेबल तुमचंच, त्यांनी मास्तरांना सांगितलं, नाजूक काम तेवढं तुमच्या हाताखालच्या धाकट्या कटरकडे देऊ. पण तेव्हाही बोटं अशीच असली तर कात्री त्याच्याकडे जाईल. तुम्हीच सांगा, दुसरं काय करू? मास्तरांनी मान हलवली. मालक चुकीचं बोलत नव्हते, आणि त्यामुळेच तर सगळा संताप गिळावा लागत होता.

*

योगाचा वर्ग वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या, काटक, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूसही आपल्यालाच बोलल्या असं समजायचा. मास्तरांनी मनाची तयारी केली होती ती डोकं खाली पाय वर करण्याची. बाई म्हणाल्या, नुसते उभे राहा.

मास्तरांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. पाय जुळवा. वजन नुसत्या टाचांवर नको, नुसत्या चवड्यांवर नको, सगळ्या तळव्यावर सारखं पडू द्या. गुडघे ताठ, पण मागे ढकललेले नकोत. मांड्या वर ओढा. पोट आत. छाती उघडा. खांदे मागे घ्या, आता खाली सोडा. हनुवटी आत. डोक्यावरून कुणी दोरीने वर ओढतंय असं समजा. मास्तरांनी पोट आत घेतलं की खांदे वर यायचे, खांदे खाली नेले की हनुवटी पुढे यायची, आणि हनुवटी आत घेतली की गुडघे कुठे आहेत याचा पत्ता लागायचा नाही. शेवटी कसंबसं सगळं जागेवर आणलं तेव्हा घाम फुटला होता.

"श्वास राहिला, मास्तर," बाई म्हणाल्या.

शेजारच्या रांगेतली एक आजीबाई हात वर करून, टाचा उचलून खांबासारखी उभी होती आणि त्यांच्याकडे बघून हसत होती. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाचा उचललेल्या, म्हणजे बाईंच्या हिशेबाने तिथेही वजन सारखं नव्हतंच.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बिनसली. बाईंनी सगळ्यांना सैल टी-शर्ट घालून यायला सांगितलं होतं. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पुढेही तसेच येत राहिले. तयार कपडा त्यांनी जन्मात अंगाला लावला नव्हता. आणि ढगळ कपड्यात माणूस सरळ आहे की वाकडा हे कुणाला तरी कळेल का, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

मास्तरांच्या हट्टाला कारण होतं. दारातून माणूस आत आला की त्याचा कुठला खांदा उतरलाय, कंबर कुठल्या बाजूला झुकलीय, हे त्यांना टेप गळ्यातून काढायच्या आधी दिसायचं. एका वकिलाचा डावा खांदा सतत बॅग वागवून खाली आला होता. मास्तरांनी त्याच्या कोटात त्या बाजूला पातळ गादी घातली, आणि वकीलसाहेब आरशात बघून खूश होऊन गेले. एका मुख्याध्यापकांना पोक आलं होतं. त्यांचा शर्ट बेतताना मास्तरांनी पाठीची उंची वाढवली, पुढा आखूड केला, छातीत कापड कमी केलं. मुख्याध्यापक म्हणाले, तुमचा शर्ट घातला की तरुण झाल्यासारखं वाटतं. मास्तरांनी नुसतं हसून खडू खिशात टाकला. त्या दुकानात ही रीतच होती. गिऱ्हाइकाची पाठ कशी आहे ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, कापडाला सांगायचं. बोलून माणसाचा अपमान होतो, आणि कापड कुणाला सांगायला जात नाही. मास्तरांनी हे आपल्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. धाकटा कटर शिकला होता. मास्तरांची बायकोही शिकली होती.

बायको शिकली त्याचं असं झालं की कटरला सगळ्या गावाचं माप घेता येतं, स्वतःचं घेता येत नाही. पाठीवर टेप कोण धरणार? म्हणून लग्न झाल्यावर मास्तरांनी बायकोलाच बेतायला शिकवलं. तिचा हात चांगला निघाला. घरबसल्या ती शेजारपाजारचे कपडे शिवू लागली आणि मास्तरांचे शर्ट तर पहिल्यापासून तीच शिवायची. बेतणं, शिवणं, काजं, बटणं, धुणं, इस्त्री, सगळं तिचं. मास्तर फक्त अंगात घालायचे आणि आरशात बघून खूश व्हायचे. दुकानात कुणी शर्टाचं कौतुक केलं की शिकवलं कुणी, असं विचारायला ते चुकत नसत. त्या शर्टांवर टेप लावून बघायचं त्यांना कधी सुचलं नाही. बायकोने शिवलेल्या शर्टाचं माप कोण काढत बसतं?

तेव्हा मास्तरांनी ताडासनासाठी आपली अशी एक पद्धत काढली. दुकान उघडायच्या आधी ते ट्रायल रूममध्ये जायचे. तिथे तीन बाजूंनी दाखवणारा आरसा होता. त्याच्यापुढे बाईंनी सांगितलं तसं सगळं क्रमाने करत उभे राहायचे, आणि मग शर्टाकडे बघायचे. शर्ट कधी खोटं बोलत नाही, हा त्यांचा धंद्यातला विश्वास होता.

आणि बाईंनी सांगितलं तसं उभं राहिलं की शर्टाचं पार वाटोळं व्हायचं. छातीवर बटणं ताणायची. पुढची कड वर उचलायची. मागे कॉलरखाली कापडाची आडवी घडी गोळा व्हायची. एखाद्या शिकाऊ पोराने बेतलेला शर्ट असावा तसं दिसायचं. मास्तर स्वतःशीच म्हणायचे, हा काय सरळपणा? मग ते शर्टाला विचारत विचारत स्वतःला सुधारायचे. खांदे थोडे पुढे सोडले की बटणांवरचा ताण जायचा. मान जराशी पुढे आणली की कॉलरखालची घडी विरघळायची. पाठ किंचित सैल केली की पुढची कड खाली येऊन मागच्या कडेला मिळायची. आणि एका क्षणी शर्ट असा चोख बसायचा की मास्तरांचं मन भरून यायचं. तिथे ते थांबायचे. तिथे श्वास घ्यायचे. हेच ताडासन, ते म्हणायचे, आणि दिवसभर टेबलापाशी त्याच ठेवणीत उभे राहायचे. एक दिवस चुकवला नाही त्यांनी. रविवारी घरच्या कपाटाच्या आरशापुढे उभे राहायचे.

वर्गात मात्र रोज तेच गाऱ्हाणं. बाई येऊन त्यांचे खांदे मागे न्यायच्या, हनुवटीला दोन बोटं लावून आत ढकलायच्या, पुढच्या माणसाकडे जायच्या, आणि वळून बघतात तो मास्तर पुन्हा होते तसे.

"मी पाठ फिरवली की काय करता हो तुम्ही?" एके दिवशी त्यांनी विचारलं. त्यांचाही धीर सुटत चालला होता.

मास्तरांनी खांदे पुन्हा मागे घेतले. आपण चूक दुरुस्त करतो, हे बाईंना कसं सांगणार? बाईंना आसनं कळत असतील, पण माणूस सरळ आहे की नाही हे सांगणारा शर्ट त्यांना वाचता येत नव्हता. घरी आल्यावर त्यांनी बायकोपुढे बाईंच्या नावाने पाढा वाचला. मांड्या काय ओढायच्या, दोरी काय, छाती काय उघडायची, छाती म्हणजे काय कपाट आहे? बायको काजं करता करता हूं हूं करत राहिली. तिला एवढंच कळलं की नवरा इमानाने व्यायाम करतोय आणि गुण येत नाहीये. तिने आपली मानेला शेकायची पिशवी काढून ठेवली.

बोटं सुधारत नव्हती. उलट आता कोपरापासून कळ निघायची. नाजूक कापड धाकट्या कटरकडे जात होतं, मग जाड कापडही जायला लागलं. पोरगा चांगला होता, विचारून विचारून काम करायचा, आणि मास्तरांना त्याच्या चांगुलपणाचाही राग यायचा. एकदा त्याने बेतलेल्या बाहीत मास्तरांनी उगाच खोट काढली. तो पुन्हा बेतायला लागला. मास्तरांना रात्री जेवण गेलं नाही.

*

चार महिन्यांनी फिजिओथेरपिस्टने पुन्हा टाचणी टोचली. अंगठ्याला काही कळलं नाही. मग तिने पुन्हा बाजूने फोटो काढला आणि जुन्या फोटोशेजारी लावला. मान आणखी पुढे आली होती.

तिने विचारलं, व्यायाम चुकत होते का? मास्तर म्हणाले, एक दिवस नाही. तिने विचारलं, योग? ते म्हणाले, रोज, न चुकता, आरशापुढे. तिचा विश्वास बसला नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तो अपमान मास्तरांना सगळ्यात जास्त लागला. आळशी माणसाला आळशी म्हटलेलं त्यांना चाललं असतं. ते घाम गाळत होते.

दुकानात परतल्यावर मालकांना सांगावं लागलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, खाली बघितलं, आणि उद्यापासून खाली काउंटरवर बसा, असं सांगितलं. गिऱ्हाइकांना कापड दाखवायचं, माप घ्यायचं, बाकी काही नाही. दुखणं उतरलं तर टेबल कुठे पळून जात नाही, असंही म्हणाले. मास्तर वर गेले. कात्री टेबलावरच होती. ती त्यांनी उचलली नाही, नुसती धाकट्या कटरच्या बाजूला सरकवली, आणि जिना उतरून घरी निघून आले.

दिवस अजून मावळला नव्हता. बायको खिडकीपाशी मशिनवर बसली होती. इतक्या लवकर आलेले बघून ती उठली. मास्तरांनी दारातच सांगून टाकलं, कात्री गेली. आणि मग चार महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. ती पोरगी, ती बाई, तो वर्ग, ती हसणारी आजीबाई. उभं राहा म्हणे. कुणी तरी एकदा दाखवून द्यावं की आपण वाकडे उभे राहतो.

"बघ, तूच बघ," ते म्हणाले आणि कपाटाच्या आरशापुढे जाऊन उभे राहिले. "ही बाई सांगते ते." त्यांनी पाय जुळवले, मांड्या ओढल्या, खांदे मागे आणि खाली नेले, हनुवटी आत घेतली. "बघितलंस शर्ट? बटणं बघ. मागे घडी पडलीय ना? पडलीय की नाही?"

"पडलीय," बायको म्हणाली.

"आणि आता हे बघ." त्यांनी खांदे पुढे सोडले, मान पुढे आणली, पाठ सैल केली, अंदाजाने नव्हे तर रोजच्या सवयीने, नेमक्या जागेवर. शर्ट चोख बसला. "हे ताडासन. चार महिने मी असा उभा राहतोय. आता सांग, यात वाकडं काय आहे?"

बायकोने एकदा शर्टाकडे, एकदा आरशाकडे पाहिलं. ती पलंगाच्या कडेला बसली. तिचा चेहरा बघून मास्तरांना वाटलं, हिला कात्रीचं दुःख आत्ता पोचलं.

"तुम्ही शर्ट बघून उभे राहता?" तिने विचारलं.

"मग काय बघून राहू?"

"अहो, हा शर्ट..." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "हा सरळ माणसाचा शर्ट नाही. पाठ लांब धरलीय मी. पुढा आखूड आहे."

मास्तरांना आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, रोजचेच होते, पण ते कुणाच्या पाठीबद्दल आहेत ते कळलं नाही. मग त्यांनी शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. अंगठा साथ देईना, बायको मदतीला उठली तर त्यांनी तिला हाताने थांबवलं. शेवटी शर्ट निघाला. तो त्यांनी पलंगावर पसरला, खांद्याला खांदा जुळवला आणि हात फिरवला. टेपची गरजच पडली नाही. पुढा संपल्यावरही पाठ खाली उरत होती, चांगली चार बोटं. मुख्याध्यापकांच्या शर्टात उरायची तेवढी. त्यांनी कपाट उघडून दुसरा शर्ट काढला, तिसरा काढला. जुन्यात जुना असेल त्यात पाठ थोडी कमी उरत होती, नव्यात जास्त. दर शर्टाला थोडं थोडं करत बायको त्यांच्या पोकाच्या मागोमाग आली होती.

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

"आणि एकदाही बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलता गिऱ्हाइकाला?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "तुम्हीच शिकवलंत. आणि तुम्हाला शर्ट घातल्यावर बरं वाटायचं. मला काय माहीत तुम्ही आरशापुढे जाऊन शर्टाला विचारता ते. मला वाटलं बाई शिकवताहेत, आता पाठ सरळ होईल, मग पुढच्या शर्टाची पाठ मी आपोआप लहान बेतीन."

मास्तर पलंगावर बसले. राग तर आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. बाई रोज बरोबर सांगत होत्या. पोरीचा फोटो बरोबर होता. बायकोने बेतलेला शर्ट इतका बरोबर होता की दुकानातल्या कुणालाही जमला नसता. चुकलं होतं ते एवढंच की त्यांनी रोज सकाळी मन लावून, घाम गाळून, न चुकता, पोक काढून उभं राहायचा सराव केला होता. चार महिने कात्री वाचवायची म्हणून त्यांनी जे काही केलं, त्यानेच ती गेली होती. दोन्ही हातांनी डोकं धरून ते बसून राहिले. एकदा त्यांना हसू येतंय असंही वाटलं, पण ते हसू नव्हतं.

बायको शेजारी येऊन बसली. रडून झाल्यावर तिने तोंड पुसलं. शर्ट गोळा करून घड्या घालायला घेतल्या, तेव्हा मास्तरांनी ते तिच्या हातातून काढून बाजूला ठेवले.

"कापड आहे घरात?" त्यांनी विचारलं.

होतं. मागच्या खेपेला उरलेलं. ती टेप घेऊन आली. मास्तर आरशाकडे पाठ करून भिंतीसमोर उभे राहिले. पाय जुळवले. वजन सगळ्या तळव्यावर. मांड्या, पोट, छाती. खांदे मागे, मग खाली. हनुवटी आत. या खेपेला विचारायला अंगावर शर्टच नव्हता, तेव्हा आपण कसे उभे आहोत याचा त्यांना काहीच अंदाज येईना. तोल गेल्यासारखं वाटलं. आपण मागे कलंडलोय, छाती काढून हास्यास्पद उभे आहोत, असं वाटलं. श्वास घ्यायचा राहिला होता, तो घेतला.

बायकोने मागून टेप मानेच्या मणक्यावर धरली आणि तिथेच थांबली.

"अहो, असं माप घेतलं तर शर्ट उद्या दुपारपर्यंतसुद्धा बसायचा नाही," ती म्हणाली. "तुम्ही काउंटरवर बसलात की पाठ वाकणार. मागे वर चढेल, पुढे झोल येईल. सगळ्या दुकानाला दिसेल."

"दिसू दे."

"गिऱ्हाइकांनाही दिसेल."

"दिसू दे म्हटलं ना. आणि माप मोठ्याने सांग. आजपर्यंत गप्प राहून घेतलंस तेवढं पुरे."

तिने टेप खाली सोडली आणि पाठीची उंची मोठ्याने सांगितली. मग खांदा सांगितला. मास्तर भिंतीकडे बघत ऐकत होते. पाठीत मध्येच कळ उठत होती, मांड्या थरथरत होत्या, आणि उजवा अंगठा तसाच मुका लोंबत होता. ती पुढे आली, पुढ्याची उंची घ्यायला टेप खांद्यावर लावली, आणि तेवढ्यात मास्तरांचे खांदे उतरले. मान पुढे आली. त्यांना ते कळलंही नाही.

बायकोने आकडा सांगितला नाही. टेप तशीच धरून ती त्यांच्यासमोर वाट बघत उभी राहिली.